दिवाळ्याच्या धक्क्यावरचा जबाब

लिहून घ्या. हर्षल जनार्दन नाखवा, वय सोळा,
राहणार दिवाळे गाव, बेलापूर.
माझं नाव पाहिजे तितक्या वेळा लिहा.
तिचं मी घेणार नाही.

तुम्ही खाजणराखे. चिखलात तुमची पावलं उमटत नाहीत,
पापण्यांवर मिठाचे खडे,
तोंड उन्हाळ्यातल्या खाजणासारखं भेगाळलेलं.
तुम्ही आलात तेव्हा धक्क्यावरची कुत्री भुंकली नाहीत,
नुसती उठून लांब जाऊन बसली.

तिनं काय चोरलं म्हणता?
वाशीच्या धारण तलावात, झडपेच्या आत,
तुमच्या मालकानं भरतीचं पिल्लू कोंडलं होतं.
आई बाहेर. दिवसातून दोनदा यायची,
झडपेला डोकं घासायची, परत फिरायची.
अख्ख्या शहराला वाटायचं, वेळापत्रक आहे.

तिचा बाप त्या झडपेचा चावीवाला, बावीस वर्षं.
चावी तिनं त्याच्या उशाखालून काढली
आणि तो जागा होता.
त्यानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.
ही ओळ खोडा.
बाप झोपला होता. गाढ. घोरत होता.

अमावास्येच्या उधाणाला ती माझ्या होडीत उतरली,
हातात तेलाचा पाच लिटरचा कॅन.
कॅन जड व्हायचा, हलका व्हायचा, पुन्हा जड.
झाकण किलकिलं केलं तर आत
मांजराएवढं काहीतरी फेसाळत होतं.
माझी बोटं त्यानं चाटली,
सकाळपर्यंत सुरकुतलेलीच होती.

तिवरांतून तुमच्या टॉर्चचा झोत आला
तेव्हा आम्ही करावेपाशी, रोहित पक्ष्यांच्या मधोमध
होडीत आडवे पडलो होतो.
हजारभर पक्षी, सगळे एका पायावर झोपलेले.
एकानंही मान वर केली नाही.
मान वर केली असती तर आम्ही तिथंच संपलो असतो.
आणि नेमकं तेव्हाच पिल्लू शिंकलं.

पाणी वीतभर चढलं. होडी चिखलातून सुटली.
मी वल्हं उचललं, तर म्हणाली, "तू उतर."
"येडी झालीस का?"
"दोघं गेलो तर हितं खोटं कोन बोलंल?"

तर बोलतो. ऐका.
ती ऐरोलीच्या पुलाखालून विटाव्याकडे गेली.
तुम्ही बजावलंच होतं,
एका खोट्याला जिभेवरचं चिमूटभर मीठ.
सुकटीची चव गेली.
ती घारापुरीला गेली.
आता जिताड्याचं कालवण म्हणजे हळदीचं गरम पाणी,
आई तीनदा विचारते, कमी पडलं का रे?
ती पारसिकच्या डोंगरावर चढली, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.
त्यानंतर डोळ्यांतून जे आलं
तेही गोडं होतं, विहिरीसारखं.

"खाल्ल्या मिठाला जाग, पोरा,"
तुमच्यातला म्हातारा राखा म्हणाला.
जागतोच आहे, काका.
तुमच्या मालकाच्या आगरातल्या नाही.
चौथीत असताना, शाळेच्या मागं,
तिनं कैरीच्या फोडीला चोळलं होतं, त्या मिठाला.
तिखट विसरली होती. अर्धी फोड तिनंच खाल्ली.

जाताना वळून काही छान बोलली असेल असं तुम्हाला वाटतं.
"माजी वाट बगू नको, पगोळ्या बग," एवढंच.
साठ रुपये आहेत माझे तिच्याकडे, पगोळीच्या दोरीचे.
त्यासाठी बसतो मी रोज इथं, दुसरं काही नाही.

हल्ली रात्री पाणी चढतं तेव्हा दोन आवाज येतात.
एक जड, जुना,
आणि त्याच्यामागं धडपडत येणारा, ठेचकाळणारा.
हे नका लिहू. मला ऐकू कमी येतं.

सही कुठं करू?
द्या. आणि जरा वर सरकून बसा,
तुमच्या पायाशी पाणी आलंय.